मॅटर काय टाकायचं?

फ्लेक्सच्या दुकानात शिरलं की दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "साइज?" दुसरा, "मॅटर काय टाकायचं?"

मॅटर म्हणजे मजकूर. छापखान्यातून हा शब्द डीटीपीवाल्यांकडे आला आणि तिथून फ्लेक्सवर चढला. मॅटर लिहायचं नसतं, टाकायचं असतं. आधी फोटो टाकायचे, मग मोरपीस टाकायचं, दोन कोपऱ्यांत फुलं टाकायची आणि उरलेल्या फटीत मॅटर टाकायचं. पंगतीत पानाच्या कडेला मीठ वाढतात ना, तसं. मात्र मीठ विसरलं तर लोक हाका मारतात. मॅटर चुकलं तर कुणाला पत्तासुद्धा लागत नाही.

हे शहाणपण मला सासरी मिळालं. नानांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, पंच्याहत्तरी करायचं ठरलं. निफाड तालुक्यातलं गाव, घरापुढे मोठं अंगण आणि कांद्याला बरा भाव मिळालेलं वर्ष. मंडप, आचारी, साड्या, टोप्या अशी कामं वाटली गेली. बॅनरचा विषय निघाला तशी ही म्हणाली, "ह्यांना फोटोशॉप येतं."

येतं म्हणजे काय, तर पंचवीसेक वर्षांपूर्वी मी तीन महिन्यांचा डीटीपीचा क्लास केला होता. त्याचं सर्टिफिकेट अजून कपाटात आहे. त्यावर माझं आडनाव चुकलेलं आहे. डीटीपी शिकवणाऱ्यांनीच छापलेलं सर्टिफिकेट, आणि त्यात आडनावाचा उकार गायब. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

क्लासात दोन मशीन होती. एकावर फोटोशॉपची चौथी आवृत्ती, दुसऱ्यावर पाचवी, आणि पाचवीच्या मशीनपुढे कायम रांग. कारण असं की चौथीपर्यंत चित्रावर अक्षरं टाकणं हा एकदाच करायचा व्यवहार होता. एक छोटी खिडकी उघडायची, तीत टाइप करायचं, ओके दाबायचं. ओके दाबलं की अक्षराचं चित्र झालं. मग 'शुभविवाह'चा 'शुभविवह' झाला असेल तर काना नंतर घालता येत नसे. ते अक्षर पुसायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. १९९८ साली पाचवी आवृत्ती आली आणि अक्षर कितीही वेळा उघडून दुरुस्त करता येऊ लागलं. आमचे सर हे सांगताना आवाज खाली आणत, जणू पुनर्जन्माबद्दल बोलताहेत.

या फोटोशॉपची जन्मकथाही सर रंगवून सांगत. थॉमस नॉल नावाचा मिशिगन विद्यापीठात डॉक्टरेट करणारा एक गृहस्थ, त्याचा भाऊ जॉन सिनेमाच्या स्पेशल इफेक्ट्सच्या धंद्यात. दोघांनी मिळून हा प्रोग्राम केला आणि १९९० साली अडोबीने तो बाजारात आणला. दोन सख्खे भाऊ एकत्र काम करतात आणि मधे बांध, विहीर किंवा वकील येत नाही, हे ऐकून आमच्या बॅचला फोटोशॉपपेक्षा त्याचंच नवल जास्त वाटलं होतं.

पाचव्या आवृत्तीने आणखी एक गोष्ट आणली, आणि महाराष्ट्राच्या चौकाचौकांवर तिचे परिणाम आजही दिसतात. आयती सावली. त्याआधी अक्षराला सावली हवी तर हाताने करावी लागे. अक्षराची नक्कल काढा, तिला काळं करा, ती धूसर करा, मग खाली आणि उजवीकडे जराशी सरकवा. मेहनतीचं काम. त्यामुळे सावली शीर्षकाला मिळायची, फार तर नवरानवरीच्या नावाला. नव्या आवृत्तीत एका चौकोनात टिचकी मारली की सावली हजर. फुकट मिळालेली गोष्ट सोडणं आपल्या रक्तात नाही. तेव्हापासून 'स्थळ', 'वेळ', 'आपले नम्र' आणि 'कृपया अहेर आणू नये' या सगळ्यांना सावल्या पडू लागल्या.

आता त्या खिडकीत दहा प्रकार आहेत. सावली बाहेर, सावली आत, प्रकाश बाहेर, प्रकाश आत, कडा, उठाव, साटिन, रंग, रंगछटा, नक्षी. एकेक चांगला आहे, पण आपण ते बुफेसारखे घेतो. ताट हातात आहे, काउंटर दहा आहेत, कशाला सोडायचं? शेवटी जिलबी रश्शात बुडते, पापड दह्यात भिजतो आणि मूळ भात कुठे गेला ते कळत नाही. या उपमेत अक्षर म्हणजे भात.

तर मी दुकानात गेलो. दुकान म्हणजे दहा बाय बाराचा गाळा. समोर काउंटर, मागे यंत्राची घरघर, आणि कोपऱ्यात एका खुर्चीवर डिझायनर. वय वीस-एकवीस. उजवा हात माउसवर, डावा कीबोर्डच्या तीन बटणांवर, आणि चेहऱ्यावर बाळंतीण सोडवणाऱ्या सुईणीची स्थितप्रज्ञता. त्याच्या खुर्चीमागे कायम पाच-सहा माणसं उभी असतात. त्यांतली दोन गिऱ्हाइकं, एक गिऱ्हाइकाचा मित्र आणि बाकीचे आपापल्या नंबरची वाट बघणारे. मत मात्र सगळेच देतात. मत एकच असतं: "थोडं मोठं करा."

हे वाक्य मी त्या संध्याकाळी मोजलं. चाळीसच्या पुढे मोजायचं सोडून दिलं. नानांचा फोटो थोडा मोठा करा. नानांचं नाव थोडं मोठं करा. आता फोटो बारीक वाटतोय, थोडा मोठा करा. मेव्हणा म्हणाला, "शुभेच्छुक दिसत नाहीत, थोडे मोठे करा." फ्लेक्स दहा बाय आठचा होता आणि दहा बाय आठचाच राहिला. आतली प्रत्येक वस्तू मात्र बाजूच्या वस्तूला ढोसत बसली होती, यात्रेच्या एसटीसारखी. डिझायनर पोरगा कुणालाही नाही म्हणाला नाही. माझ्या लक्षात आलं की तो दर वेळी वस्तू मोठी करायचा, मंडळींना दाखवायचा, आणि पुढचं वाक्य येईपर्यंत गुपचूप पहिल्याइतकी करायचा. सगळे समाधानी. या पोराला मंत्रालयात पाठवायला हवं.

सुरुवात त्याने कोऱ्या पानापासून केली नव्हती. फ्लेक्सच्या धंद्यात कोरं पान नसतंच. जुनी फाइल उघडायची, त्यातले फोटो आणि मॅटर बदलायचं. त्याने उघडलेल्या फाइलीत फेटा बांधलेले एक प्रसन्न गृहस्थ होते आणि 'विविध कार्यकारी सोसायटीच्या चेअरमनपदी बिनविरोध निवड झाल्याबद्दल' असं लिहिलेलं होतं. पोराने ते पुसलं नाही, झाकलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: या प्रोग्राममध्ये चित्र एका पानावर नसतं, थरांवर असतं. त्यांना लेयर म्हणतात. काचेच्या तावदानांची चळत समजा. एकावर पार्श्वभूमी, एकावर फोटो, एकावर नाव. प्रत्येक थरापुढे एक छोटा डोळा असतो. डोळा मिटला की तो थर दिसेनासा होतो, पण जात नाही. मधे एकदा पोराचं बोट चुकलं, एक डोळा उघडला, आणि नानांच्या पंच्याहत्तरीत दोन सेकंद ते चेअरमन बिनविरोध निवडून येऊन गेले. वरचा थर खालच्याला झाकतो, हे तेव्हा मी पाहिलं, मान डोलावली आणि विसरलो. पुढे ते आठवायची वेळ येणार होती.

"काका, मॅटर पाठवा व्हॉट्सॲपला," पोरगा म्हणाला.

मी पाठवलं. त्याने कॉपी करून ते फाइलीत चिकटवलं आणि पडद्यावर उमटलं: 'वाढदविसाच्या हार्दकि शुभेच्‌छा'.

मी दचकलो. मागे उभ्या असलेल्या सहाजणांपैकी कुणीही दचकलं नाही. एकजण म्हणाला, "मस्त. थोडं मोठं करा."

या 'वाढदविसा'बद्दल मला जरा सविस्तर बोलू द्या, कारण तुमच्याही गावात तो होऊन गेला आहे. 'दि' म्हणताना आपण आधी द म्हणतो, मग इ. लिहिताना मात्र वेलांटी द-च्या अलीकडे पडते. युनिकोडमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवतात: आधी द, मग वेलांटी. दाखवताना ती वेलांटी उचलून द-च्या अलीकडे नेऊन ठेवणं हे प्रोग्रामचं काम. प्रोग्रामला हे शिकवलेलं नसेल तर तो सरकारी कारकुनासारखा ज्या क्रमाने कागद आला त्याच क्रमाने लावतो. वेलांटी द-च्या पलीकडे पडते आणि शेजारच्या व-ला चिकटते. 'दिवस'चा 'दविस' होतो, 'किरण'चा 'करिण' होतो. जोडाक्षरांचं तर विचारूच नका. च आणि छ यांनी एकमेकांत मिसळायचं असतं, ते लांब लांब उभे राहतात आणि च-चा पाय मोडलेला. एखाद्या ओळीत चार जोडाक्षरं असली की हाडवैद्याच्या ओट्यावर पेशंट बसल्यासारखे दिसतात.

यावर इलाज आहे आणि तो अवघडही नाही. फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये 'टाइप' म्हणून भाग आहे. तिथे 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' निवडायचं आणि मग परिच्छेदाच्या खिडकीत 'वर्ल्ड-रेडी' पर्याय घ्यायचा. नव्या आवृत्त्यांत एवढंही करावं लागत नाही. निफाड तालुक्यातल्या पंच्याहत्तरीचं आमंत्रण शुद्ध दिसायला आधी आखाती देशांशी सूत जमवावं लागतं, एवढीच काय ती गंमत. पण दुकानातल्या कुणी ते कधी केलेलं नव्हतं. त्यांचा इलाज वेगळा आणि जुना होता. पोराने माझं युनिकोड मॅटर उडवलं आणि जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये सगळं हाताने पुन्हा टाइप करायला घेतलं.

हे जुने फॉन्ट म्हणजे बहुरूपी. आत इंग्रजी अक्षर असतं, वरून मराठीचा अंगरखा. कृतिदेवमध्ये 'मराठी' असा शब्द टाइप करा आणि ती फाइल कृतिदेव नसलेल्या मशीनवर उघडा. तिथे इंग्रजीत ई, जे, के, बी, एच अशी पाच अक्षरं दिसतील. मायमराठीचं हे रूप पाहिलेले लोक पुढे कुठल्याही निकालाला, भावाला किंवा हवामानाला घाबरत नाहीत. म्हणूनच दुकानं फाइल पाठवताना 'कर्व्ह करून पाठवा' म्हणतात. कर्व्ह करणं म्हणजे अक्षराचा आकार कायमचा गोठवणं. मग फॉन्ट असो-नसो, दिसायला जसंच्या तसं. मात्र त्यानंतर ते अक्षर राहत नाही, आकृती होते. त्यात बदल करायचा तर दुसऱ्या शब्दातली मात्रा तोडून आणून इथे चिकटवायची. एका दुकानात मी 'पंचायत समिती'तला 'पं' कापून 'पंढरपूर'ला लावताना पाहिलं आहे. पांडुरंगानेही चालवून घेतलं.

फॉन्ट निवडायची वेळ आली. पोराने यादी उघडली आणि खुर्चीमागच्या मंडळींत अचानक शांतता पसरली. फॉन्ट ही गोष्ट अशी आहे की सगळ्यांना मत असतं पण शब्द नसतात. मेव्हणा म्हणाला, "जाड पाहिजे, पण नाजूक." ही म्हणाली, "नानांसारखा पाहिजे." मी माझं ज्ञान पाजळलं. मुक्ता म्हणून एक फॉन्ट आहे, स्वच्छ आहे. बालू आहे, गुबगुबीत, पोरांच्या वाढदिवसाला बरा. मोदक तर इतका फुगीर आहे की त्याच्या अक्षरांच्या पोटात हवा जायलाही जागा नाही. यात्रा म्हणून आहे, मुंबईच्या लोकलवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला. हे सगळे फुकट मिळतात. पोराने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तो रोज वापरतो तोच फॉन्ट लावला.

आणि हे सगळं फसलं तर शेवटी मंगल आहेच. विंडोजबरोबर घराघरात आलेला हा फॉन्ट मुंबईच्या र. कृ. जोशी यांनी घडवला, थोर सुलेखनकार आणि शिक्षक. पडद्यावर बारीक अक्षरातही वाचता यावं असा त्याचा स्वभाव. हवा तो फॉन्ट मशीनवर नसला की बऱ्याचदा त्याच्या जागी निमूटपणे मंगल येऊन उभा राहतो. त्यामुळे आपल्याकडे कुठल्याही कार्यात कितीही गोंधळ झाला तरी शेवट मंगलच होतो.

नानांच्या बाबतीत फॉन्टचा प्रश्न जरा नाजूक होता. नाना प्राथमिक शाळेत छत्तीस वर्षं मास्तर होते. फळ्यावर सुविचार लिहायचे तेव्हा शिरोरेषा पट्टीने आखल्यासारखी यायची. त्यांना हिंदी वळणाचा ल चालत नाही. मराठी ल म्हणजे मधे देठ आणि दोन बाजूंना दोन पाकळ्या. हिंदीतला ल उभ्या दंडाला टेकून बसतो. ६ नोव्हेंबर २००९ ला राज्य सरकारने निर्णय काढून मराठीने ल आणि श आपल्याच वळणाचे लिहावेत असं सांगितलं. नानांना हे तुकाराम गाथेइतकं पाठ आहे. 'लासलगाव' या शब्दात दोन ल येतात, आणि सासरचं गाव लासलगावाजवळ आहे, त्यामुळे माझी सुटका नव्हती. काही चांगल्या फॉन्टांत दोन्ही वळणं असतात. मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं की ल आपोआप बदलतो. दुकानातल्या फॉन्टला भाषा सांगायची सोयच नव्हती. शेवटी पोराने स, र आणि चंद्रकोरीच्या चित्राचे तुकडे जोडून दोन ल बनवून दिले. ते जवळून पाहू नयेत.

मधल्या काळात मंडळींनी नानांचं नाव नटवायला घेतलं होतं. नाव सोनेरी झालं. सोनेरीला लाल कडा आली, लाल कडेला पांढरी कडा आली, पांढऱ्या कडेला काळी सावली आली. कुणीतरी म्हणालं, जरा फाकवून लिही, म्हणजे ओळ भरेल. पोराने अक्षरांतलं अंतर वाढवलं. इंग्रजी अक्षरं मुळातच सुटी असतात, त्यांना हे सोसतं. आपल्या डोक्यावर शिरोरेषा आहे. अंतर वाढवताच ती जागोजाग तुटली आणि गच्चीवर कपडे वाळत घालायची दोरी तुटावी तशी सगळी अक्षरं वेगवेगळी लोंबू लागली. "नको, पूर्वीचंच बरं," असं एका सुरात ठरलं. मग कुणाला तरी नाव कमानीत हवं होतं. या वाकवण्याचे पंधरा प्रकार आहेत: कमान, झेंडा, लाट वगैरे. पोराने एकेक लावून दाखवला. त्यात एकाचं नाव 'फिश' होतं. अख्खी ओळ माशाच्या आकारात येते. "हे नको, आईच्या गळ्यात माळ आहे," मेव्हणा म्हणाला. तो पर्याय तिथेच रद्द झाला.

उजेडाचाही घोळ होता. सावली टाकताना प्रोग्राम विचारतो, सूर्य कुठल्या अंशावर आहे? सगळ्या अक्षरांसाठी एकच सूर्य ठेवायचीही सोय आहे. पण नानांचं नाव एका फाइलीतून आलेलं, 'अभीष्टचिंतन सोहळा' दुसरीतून आणि शुभेच्छुक तिसरीतून. त्यामुळे नानांच्या नावावर ऊन डावीकडून पडत होतं, अभीष्टचिंतनावर उजवीकडून आणि शुभेच्छुकांवर खालून. नानांचा फोटो मात्र अंगणात भर दुपारी काढलेला. मी हे पोराला दाखवलं. तो म्हणाला, "काका, संध्याकाळी लाइट लावल्यावर कळणार नाही."

अशा वेळी मला कमल शेडगे आठवतात. १९३५ ते २०२० एवढं आयुष्य लाभलेल्या या माणसाने मराठी नाटकांची नावं वर्तमानपत्रांच्या जाहिरातींत वर्षानुवर्षं अशी रेखली की नाटक गंभीर की विनोदी हे तिकीट काढायच्या आधीच समजावं. कागद पांढरा, शाई काळी. सोनेरी छटा नाही, आतला प्रकाश नाही, बाहेरचा प्रकाश नाही. सगळं सामर्थ्य अक्षराच्या वळणात. आपण मात्र अक्षराला वळण न लावता दागिने घालत सुटलो. मी हे मोठ्याने म्हणालो असेन, कारण मेव्हणा म्हणाला, "भावजी, त्यांचं नाव शुभेच्छुकांत टाकायचं राहिलंय का?"

शुभेच्छुक हा भाग तर वेगळ्याच पुस्तकाचा विषय आहे. एकूण नावं तेवीस. क्रम नात्याने लावायचा की वयाने की वर्गणीने, यावर फोनवरून पाऊण तास वाटाघाटी झाल्या. सगळ्यांना सारखीच जागा द्यायची असं ठरलं, पण नावांची लांबी देवाने सारखी दिलेली नाही. आत्यांच्या यजमानांचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव मिळून ओळीत मावेना. पोराने ते आडवं दाबलं. इतकं दाबलं की सगळी अक्षरं श्वास रोखून उभी राहिल्यासारखी दिसू लागली. आत्यांनी हे दुसऱ्या दिवशी बरोबर हेरलं. "आमच्या ह्यांनाच का बारीक केलं?" याचं उत्तर त्यांना अजून मिळालेलं नाही.

रात्री साडेदहाला नमुना व्हॉट्सॲपवर आला. कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. दोन मिनिटांत सतरा अंगठे, नऊ नमस्कार आणि एक केक. दोन मिनिटांत तेवीस नावांसकट एवढं मॅटर कुणी वाचलं असणं शक्य नाही. सगळ्यांनी स्वतःचा फोटो शोधला, सापडला, अंगठा दिला. मी मात्र वाचलं. चार वेळा वाचलं. एकदा उलट्या क्रमाने वाचलं, जुने मुद्रितशोधक वाचत तसं. तीन उकार, एक रफार आणि एका चुलतभावाचं बदललेलं लिंग दुरुस्त करून घेतलं. पावणेबाराला कळवलं, "ओके. प्रिंट करा."

बाराला मेव्हण्याने पोराला फोन केला. मला न सांगता. फोटो थोडा मोठा करायला.

सकाळी फ्लेक्स लागला. लाकडी चौकटीवर ताणलेला, मांडवाच्या तोंडाशी, लांबून झळाळणारा. लोक येत होते, त्यापुढे उभे राहून फोटो काढत होते. नाना आले. नवीन धोतर, डोक्यावर टोपी, हातात काठी. सगळे म्हणाले, "नाना, इकडे बघा, फोटो काढतो." नानांनी कुणाकडे पाहिलं नाही. ते फ्लेक्सकडे वळले आणि वाचू लागले.

वरून खाली. ओळीवर ओळ. काठीचं टोक हवेत प्रत्येक शब्दाखालून सरकत होतं, जसं छत्तीस वर्षं फळ्यावर सरकलं असेल. लासलगावाच्या दोन्ही ल-पाशी काठी थांबली. मी डोळे मिटले. काठी पुढे गेली. तेवीस शुभेच्छुकही त्यांनी वाचले, दाबलेल्या यजमानांसकट. सुमारे दीडशे माणसं येऊन गेली त्या दिवशी. फ्लेक्स वाचणारा हा एकटा माणूस, आणि तो त्याच्याचसाठी केलेला होता.

मग काठी पुन्हा वर गेली, मधल्या ओळीवर. तिथे 'पंच्याहत्तरीनिमित्त' असं हवं होतं. तिथे 'पच्याहत्तरीनिमित्त' होतं.

अनुस्वार होता. मी चार वेळा पाहिला होता. पण मेव्हण्याचा फोटो त्या ओळीच्या अगदी वर होता, त्याचा थर अक्षरांच्या थरावर होता, आणि रात्री बाराला तो फोटो थोडा मोठा झाला होता. अनुस्वार मेव्हण्याच्या सदऱ्याखाली गेला होता.

नाना काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून तंबाखूची डबी काढली, चुन्याची बाजू उघडली, करंगळीने चुना घेतला, फ्लेक्सजवळ गेले, टाचा उंचावल्या आणि प-च्या वर ठसठशीत एक टिंब दिलं. ते बरोबर मेव्हण्याच्या दुसऱ्या बटणाच्या जागी बसलं. दोन पावलं मागे येऊन त्यांनी एकदा पाहिलं, "हं," म्हणाले, आणि मग फोटोला उभे राहिले.

त्या दिवशीच्या सगळ्या फोटोंत ते टिंब आहे. मेव्हणा अजून म्हणतो, बटण भारी आलंय.

फ्लेक्स आता मेव्हण्याच्या कांदाचाळीवर टाकला आहे, अक्षरं वरच्या अंगाला. सोनेरी रंग, लाल कडा, पांढरी कडा आणि तिन्ही सूर्यांच्या सावल्या शाबूत आहेत. चुना पहिल्याच पावसात धुऊन गेला. तिथे पुन्हा 'पच्याहत्तरी' झाली आहे.